घरगुती ओझोन यंत्र : सुरक्षित वापर आणि विश्वासार्हतेची पारख

पावसाळा स्थिरावला की गोव्यातील घरांत कुबट वास शिरतो. कपाटांतील कपडे, चामड्याच्या वस्तू, पुस्तके आणि भिंतींचे कोपरे यांवर बुरशी धरते. वर्षातील बरेच महिने कुलूपबंद राहणाऱ्या घरांची स्थिती तर अधिकच बिकट होते. अशा वेळी ‘हवा शुद्ध करणारे’ म्हणून विकले जाणारे ओझोन यंत्र अनेकांना सोयीचे वाटते. भाजी व फळे धुण्यासाठीही याच तत्त्वावरील छोटी यंत्रे स्वयंपाकघरांत आली आहेत. ही यंत्रे सर्वस्वी निरुपयोगी नाहीत. परंतु त्यांतून बाहेर पडणारा वायू श्वासाला घातक आहे, आणि त्यांच्या वापराचे सारे नियम या एकाच गोष्टीतून निघतात.

ओझोन म्हणजे काय?

प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. हा रेणू अस्थिर असल्याने समोर येईल त्या पदार्थाशी त्याची झपाट्याने रासायनिक क्रिया होते. जंतूंचा नाश आणि वासाचे शमन याच क्रियेने होते. फुप्फुसांच्या नाजूक आवरणाचा दाहही याच क्रियेने होतो. ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या वायूला नाव दिले. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण ओझोनने होऊ लागले. तेथे तो बंदिस्त टाक्यांत, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली वापरला जातो. घरात यांपैकी काहीच नसते.

बहुतेक घरगुती यंत्रांत उच्च दाबाच्या विजेचा विसर्ग करून हवेतील प्राणवायूपासून ओझोन तयार केला जातो. काही यंत्रांत त्यासाठी अतिनील दिवा असतो.

मर्यादा आणि यंत्राची क्षमता

भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय हवा-गुणवत्ता मानकांनुसार ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. हे प्रमाण साधारण ०.०५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा कोटी भागांत पाच भाग, इतके भरते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने घरातील हवाशुद्धी यंत्रांच्या ओझोन उत्सर्जनावर घातलेली मर्यादाही ०.०५ पीपीएमच आहे.

आता दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे या खोलीत जेमतेम साडेतीन मिलिग्रॅम ओझोन मिसळला की मर्यादा गाठली जाते. तासाला ४०० मिलिग्रॅम ओझोन देणारे छोटे यंत्र तेवढा वायू अर्ध्या मिनिटात सोडते; तासाला १० ग्रॅम देणाऱ्या मोठ्या यंत्राला दीड सेकंदही लागत नाही.

खरी अडचण येथेच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा निष्कर्ष असा की, आरोग्याच्या मर्यादेत राहील इतका ओझोन घरातील प्रदूषक दूर करण्यास बहुधा अपुरा पडतो. जो प्रभावी ठरेल, तो श्वासासाठी घातक असतो. त्यामुळे ‘माणसे घरात असतानाही चालवा’ असे सांगणारी जाहिरात दिसली, तर ते यंत्र एक तर निष्प्रभ आहे किंवा धोकादायक आहे, असे खुशाल समजावे.

खोलीत वापरताना

खोलीत माणूस, पाळीव प्राणी, पक्ष्यांचा पिंजरा, मासे किंवा कुंड्या असता कामा नयेत. रबरी वस्तूही हलवाव्यात. ओझोनने नैसर्गिक रबराला भेगा पडतात. सुगंधी फरशीपुसणी, लिंबू किंवा पाइनचा अर्क असलेली द्रव्ये त्या दिवशी वापरू नयेत, कारण त्यांच्याशी ओझोनचा संयोग होऊन फॉर्मॅल्डिहाइडसारखे त्रासदायक पदार्थ तयार होतात.

यंत्र टायमरवरच चालवावे आणि दार बंद करून बाहेर पडावे. बंद खोलीतील ओझोन दर अर्ध्या तासाने निम्मा होतो असे धरले, तरी ५ पीपीएमवरून ०.०५ पीपीएमवर येण्यास तीन तासांहून अधिक काळ लागतो. म्हणून यंत्र थांबताच आत शिरू नये. काही तास जाऊ द्यावेत, मग खिडक्या उघडून पुन्हा बाहेर यावे आणि वारा खेळल्यानंतरच खोली वापरावी. साधा किंवा एन-९५ मास्क हा वायू अडवत नाही.

नाकावर विसंबणेही धोक्याचे आहे. ओझोनचा तिखट वास सुरुवातीला जाणवतो. थोड्याच वेळात नाक त्याला सरावते. घरातला कुबट वास गेला असे वाटते, त्यामागेही कधी कधी बधिर झालेले नाकच असते. खोकला, घशाची जळजळ, छातीत आवळल्यासारखे वाटणे किंवा दम लागणे ही लक्षणे दिसताच मोकळ्या हवेत यावे. फुप्फुसांवरील गंभीर परिणाम काही तासांनीही दिसू शकतो. त्रास वाढल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. दम्याचे रुग्ण, लहान मुले आणि वृद्ध यांच्या घरात हे यंत्र न आणणेच श्रेयस्कर.

भाजी धुताना

पाण्यात सोडलेल्या ओझोनचा बराच अंश बुडबुड्यांबरोबर हवेत निसटतो. भांडे झाकून गॅलरीत किंवा चालू एक्झॉस्ट फॅनखाली ठेवावे आणि आपण दूर व्हावे. यंत्र पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावे. अन्यथा बंद करताच पाणी नळीतून उलटे चढून उच्च दाबाच्या विजेपर्यंत पोहोचू शकते. पृष्ठभागावरील जंतू यामुळे कमी होतात, परंतु भाजीच्या आत मुरलेले कीटकनाशक निघत नाही. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे चुकत नाहीच.

विश्वासार्हता कशी तपासावी?

वेष्टणावरील आकडा बहुधा कोरड्या हवेसाठी असतो. दमट हवेत ओझोनची निर्मिती घटते आणि विद्युत विसर्गातून नायट्रिक आम्लासारखे पदार्थ तयार होऊन आतील पट्टी खराब होते. म्हणजे ज्या मोसमात आपल्याला यंत्राची गरज भासते, त्याच मोसमात ते सर्वांत बेभरवशाचे असते. पंख्याचा आवाज किंवा निळा प्रकाश हा ओझोन तयार होत असल्याचा पुरावा नव्हे.

पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेला कागद ओला करून यंत्राच्या तोंडाशी धरल्यास ओझोन असताना तो निळसर-जांभळा होतो. मात्र क्लोरिनसारख्या अन्य वायूंनीही त्याचा रंग बदलतो, आणि त्यावरून खोली सुरक्षित आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी ०.०१ पीपीएमपर्यंतचा फरक दाखवणारे मापक हवे.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला काही प्रश्न विचारावेत. तासाला किती मिलिग्रॅम ओझोन निघतो आणि तो कोणत्या आर्द्रतेत मोजला आहे? टायमर आहे का? पट्टी सुटी मिळते का? नळी सिलिकॉनची आहे का? विजेच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र म्हणजे ओझोनच्या प्रमाणाचे प्रमाणपत्र नव्हे, हेही ध्यानात असावे. ओझोन हुंगल्याने रोग बरे होतात असा दावा करणाऱ्या विक्रेत्याकडून काहीच घेऊ नये.

आधी ओल, मग वास

बुरशीचे मूळ ओलीत असते. ओझोन भिंतीच्या आत पोहोचत नाही, आणि मेलेली बुरशीही ॲलर्जीला कारण ठरते. म्हणून प्रथम गळती थांबवावी, बुरशी पुसून काढावी, कपाटे भिंतीपासून थोडी दूर सरकवावीत, खोलीत वारा खेळू द्यावा, पावसाने उघडीप दिली की कपड्यांना ऊन दाखवावे आणि गरजेनुसार आर्द्रता शोषणारे यंत्र वापरावे. एवढे करूनही रिकाम्या, बंद घरातला वास हटत नसेल, तरच ओझोन यंत्राचा विचार करावा, तोही घर रिकामे असतानाच.