जेसीबी असो वा ऊसतोडणी यंत्र : पाना हातात घेण्याआधी बिघाड शोधायला शिका

बिद्रीला (ता. कागल) दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात अशा भागात जेसीबी, ट्रॅक्टर किंवा ऊसतोडणी यंत्र एक दिवस जरी बंद पडलं, तरी तोडलेला ऊस वाळतो आणि वजनात मार बसतो. म्हणून घाईत पंपच बदलला जातो. दोष मात्र बऱ्याचदा दुसरीकडेच असतो. माझ्या मते, चांगला मेकॅनिक खोलण्याआधी ओळखला जातो.

आधी तत्त्व समजून घ्या
हायड्रॉलिक पंप प्रेशर देत नाही, तो तेलाचा प्रवाह देतो. प्रवाहाला अडथळा आला की प्रेशर तयार होतं. 200 बार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण 200 किलो भार! ऊस गाळणाऱ्या मिलचा वरचा रोलरही याच तत्त्वावर दाबून धरलेला असतो.

लक्षणावरून शोध
1. सगळ्याच हालचाली मंद : टाकीतलं तेल, सक्शन फिल्टर, मेन रिलीफ व्हॉल्व्ह, मग पंप, याच क्रमाने बघा.
2. एकच हालचाल मंद : त्या सिलिंडरचं सील, होज किंवा व्हॉल्व्ह.
3. बूम आपोआप खाली येतो : सिलिंडर किंवा व्हॉल्व्हमध्ये आतली गळती.
4. तेलाला फेस : सक्शनमधून हवा शिरतेय. तेल दुधाळ : पाणी मिसळलंय.
5. लोड आला की इंजिन दमतं, काळा धूर टाकतं : आधी एअर फिल्टर आणि डिझेलची बाजू बघा.

यानंतर गेज लावा आणि रीडिंग कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. अंदाज आणि निदान यांत फरक या गेजचाच आहे.

जीवावर बेतणारी चूक
गळती बोटाने कधीच तपासू नका. सुईसारखी बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टिकलीएवढी दिसते, पण लगेच शस्त्रक्रिया लागू शकते. उशीर झाला तर हातही जाऊ शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. होज सोडण्याआधी बूम जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून प्रेशर मोकळं करा, किल्ली खिशात ठेवा. ॲक्युम्युलेटर असेल तर मशीन बंद झाल्यावरही आत प्रेशर राहतं, हे विसरू नका.

प्रशिक्षण कसं निवडाल?
दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा 'मेकॅनिक डिझेल' ट्रेड हा चांगला पाया आहे. पुढे 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली विद्यावेतन घेऊन प्रत्यक्ष कामावर शिकता येतं. प्रवेशाआधी मी एकच प्रश्न विचारायला सांगेन : "इथे मुद्दाम बिघाड केलेल्या मशीनवर सराव होतो का?" रिलीफ व्हॉल्व्ह ढिला करून ठेवायचा, सेन्सरचं कनेक्टर काढायचं, फिल्टर चोंदलेला लावायचा, आणि मुलाने पाना उचलण्याआधी आपलं निदान वहीत लिहायचं. सुटे भाग बदलणं कुठेही शिकता येतं, पण कुठला भाग बदलायचा नाही हे समजतं ते अशाच सरावातून.