पानांची नोंदवही

सुट्या पानांच्या पोथीतील पृष्ठांक पुसले, तर पोथी लावता येत नाही. संगणकाच्या स्मृतीचा इतिहास मी याच दृष्टीने पाहतो. मँचेस्टर येथे टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या 'ॲटलास' संगणकाचे १९६२ मध्ये उद्घाटन झाले. त्याची स्मृती ५१२ शब्दांच्या पानांत विभागलेली होती. चुंबकीय कड्यांची वेगवान स्मृती व फिरते संथ ड्रम यांच्यात पाने ये-जा करीत. वापरणाऱ्यास मात्र स्मृती एकसंध भासे. २०१५ मध्ये लिनक्स प्रणालीच्या कर्नेलने, म्हणजे गाभ्याने, उपकरणांवरील स्मृतीलाही अशी पाननोंद दिली. प्रथम प्रत्येक पानाची नोंद सिद्ध करावयाची, त्याचे वापरकर्ते मोजावयाचे आणि शेवटचा दूर झाल्यावरच ते मोकळे करावयाचे. ही मोजणी चुकली, तर एकाचे पान दुसऱ्यास दिले जाते आणि पहिल्याचा मजकूर नष्ट होतो. म्हणूनच साठवणीइतकीच नोंदवही मला मोलाची वाटते.