पायांनी रेखाटलेली आकृती : बर्फावरील ‘फिगर’ आणि तंजावूर दरबारातील सिंहनंदन

तंजावूर : ‘फिगर स्केटिंग’ या नावातील ‘फिगर’ म्हणजे खेळाडूची देहाकृती नव्हे, त्याच्या पायातील पात्याने बर्फावर उमटवलेली रेषाकृती होय. या खेळाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दीर्घकाळ निम्म्याहून अधिक गुण या आकृतीलाच असत. १९९० साली ती स्पर्धेतून कायमची वगळण्यात आली. पायांनी आकृती काढण्याची आणि ती तालाच्या हिशेबात चोख बसवण्याची अशीच एक परीक्षा दक्षिण भारतीय नृत्यात आहे. तिला सिंहनंदिनी म्हणतात. हे नृत्य ज्या सिंहनंदन तालात बांधलेले असते, त्याच तालावरून तंजावूरच्या भोसले राजांच्या दरबारात एक गाजलेला सामना झाल्याचे कर्नाटक संगीताची परंपरा सांगते. कावेरीकाठच्या तंजावूरचा बर्फाशी एरवी काहीही संबंध नाही. तथापि, कलेतील कोणता भाग मोजता येतो आणि कोणता येत नाही, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाची स्थापना १८९२ मध्ये नेदरलँड्समधील शेव्हेनिंगेन येथे झाली. फिगर स्केटिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १८९६ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे भरली. त्या वेळी स्पर्धक अवघे चार होते आणि विजेतेपद जर्मनीच्या गिल्बर्ट फुक्स यांनी पटकावले. १९०२ च्या लंडन स्पर्धेत ब्रिटनच्या मॅज सायर्स यांनी पुरुषांच्या बरोबरीने भाग घेतला व स्वीडनच्या उलरिक साल्काव यांच्या खालोखाल दुसरे स्थान मिळवले. स्त्रियांनी स्पर्धेत उतरू नये असे नियमांत कोठेही लिहिलेले नव्हते, कारण तशी वेळ येईल असे कोणाच्या मनातच आले नसावे. पुढे १९०६ मध्ये दाव्होस येथे महिलांची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली आणि पहिले विजेतेपद सायर्स यांच्याकडेच गेले.

त्या काळच्या स्पर्धेचा गाभा म्हणजे अनिवार्य आकृती. स्केटच्या पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. खेळाडू एका पायावर तोल सांभाळत, एकाच कडेवर, पुढे किंवा मागे सरकत बर्फावर वर्तुळ काढी. वर्तुळाचा व्यास त्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट असावा, असा संकेत होता. एकमेकांस टेकलेल्या दोन वर्तुळांचा इंग्रजी आठ आकडा ही मूळ आकृती. तीन वर्तुळांच्या नागमोडी आकृती, वळणे आणि गिरक्या घालून तिच्या अनेक कठीण आवृत्त्या तयार झाल्या. महासंघाच्या पुस्तिकेत अशा ४१ आकृती होत्या. काढलेली रेषा पुन्हा पुन्हा, प्रत्येक पायावर तीनदा गिरवायची आणि तिन्ही रेषा शक्य तितक्या एकावर एक पडल्या पाहिजेत, ही खरी कसोटी होती. खेळाडू बाजूला झाल्यावर पंच बर्फावर उतरत, वाकून रेषा पाहत, वर्तुळ चपटे झाले आहे काय, वळणाच्या ठिकाणी कड बदलताना पाते घसरले आहे काय, याची तपासणी करीत. या परीक्षेला ना संगीत होते, ना टाळ्या. सराव मात्र दररोज कित्येक तासांचा असे.

हे मोजमाप किती निर्णायक ठरे, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण १९७२ च्या साप्पोरो हिवाळी ऑलिंपिकचे आहे. ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शुबा अनिवार्य आकृतींत इतक्या पुढे होत्या, की मुक्त सादरीकरणात सातव्या क्रमांकावर राहूनही सुवर्णपदक त्यांनाच मिळाले. मुक्त सादरीकरणाने प्रेक्षकांना जिंकणाऱ्या अमेरिकेच्या जॅनेट लिन कांस्यपदकावर थांबल्या. दूरचित्रवाणीवर आकृतींचा भाग दाखवला जात नसे. त्यामुळे घरी बसून पाहणाऱ्यांना हा निकाल अन्यायाचा वाटला. प्रत्यक्षात शुबा यांनी नियमांप्रमाणे, आणि त्या काळच्या खेळाच्या व्याख्येप्रमाणे, निर्विवाद विजय मिळवला होता. अन्याय झाला असलाच तर तो प्रेक्षकांवर झाला होता, कारण त्यांना अर्धीच स्पर्धा दाखवण्यात आली होती. पुढच्याच वर्षी लघु सादरीकरणाची भर पडली, आकृतींचे वजन टप्प्याटप्प्याने घटत गेले आणि मार्च १९९० मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स येथील जागतिक स्पर्धेत त्या शेवटच्या रेखाटल्या गेल्या. खेळाचे नाव मात्र बदलले नाही.

भारतात बर्फावर आकृती काढण्याची परंपरा नाही, जमिनीवर आहे. रांगोळी हाताने काढतात. सिंहनंदिनी नृत्यात ते काम पायांकडे येते. रंगमंचावर रंगीत चूर्ण पसरून त्यावर कापड अंथरतात आणि नर्तकी त्या कापडावर तालात पदन्यास करीत पावले सरकवते. नृत्य संपल्यावर कापड उचलून प्रेक्षकांना दाखवले जाते, तेव्हा पायांच्या हालचालींतून सिंहाचे चित्र उमटलेले असते. देवीचे वाहन सिंह असल्याने हे नृत्य देवीच्या उपासनेशी जोडलेले आहे. मोराची आकृती काढणारे मयूर कौत्वम आणि कमळ काढणारे महालक्ष्मी उद्भवम ही याच कुळातली नृत्ये. आंध्रातील मंदिरपरंपरेतील ही चित्रनृत्ये विसाव्या शतकात कुचिपुडीचे गुरू सी. आर. आचार्युलू यांनी पुन्हा रंगमंचावर आणली.

या नृत्यात पायाने चित्र काढणे ही अर्धीच अडचण आहे. उरलेली अर्धी तालात आहे. सिंहनंदन हा प्राचीन १०८ तालांपैकी सर्वांत दीर्घ ताल मानला जातो. त्याच्या एका आवर्तनात १२८ अक्षरकाल असतात. कर्नाटक संगीतात सर्वाधिक प्रचलित असलेला आदि ताल ८ अक्षरकालांचा असतो. म्हणजे आदि तालाची सोळा आवर्तने होतात तेव्हा सिंहनंदनाचे एक पुरे होते. शिवाय त्याचे विभाग समान नाहीत. २ अक्षरकालांचे द्रुत, ४ चे लघु, ८ चे गुरू, १२ चे प्लुत आणि १६ चे काकपद असे निरनिराळ्या लांबीचे खंड त्यात ठरावीक क्रमाने येतात. एवढ्या लांब वाटेवर कोठे आहोत याचे भान गायकाने किंवा नर्तकाने क्षणभर सोडले तर समेवर येणे अशक्य होते, आणि चूक ऐकणाऱ्या जाणकाराला तत्काळ कळते. बर्फावरच्या तिसऱ्या रेषेप्रमाणेच ही चूक लपवता येत नाही.

तंजावूरचा राजवाडा मुळात नायक राजांनी उभारला. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात येथे मराठा सत्ता स्थापन केली आणि १८५५ पर्यंत भोसले घराणे या राजवाड्यात नांदले. संगीत महाल, दरबार महाल, सर्जा माडी आणि सरस्वती महाल ग्रंथालय या वास्तू याच परिसरात आहेत. येथे तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या चारही भाषांत रचना होत. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) नावावर असलेली मराठी ‘निरूपणे’ हे त्याचे ठळक उदाहरण. जयजय, शरणू, अलारू, सोल्लू, शब्द, वर्ण, पद येथपासून मंगलापर्यंत अठरा अंगे ठरावीक क्रमाने, एकाच कथानकावर, एकाच रागात व तालात बांधलेल्या या नृत्यरचना आहेत. प्रत्येक अंग सादर करणे आवश्यक आणि क्रम बदलता येत नाही, ही शिस्त आजच्या स्केटिंगमधील लघु सादरीकरणाच्या नियमांची आठवण करून देते. ज्या चार बंधूंनी पुढे भरतनाट्यमचा प्रचलित क्रम घडवला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू याच दरबाराच्या आश्रयाला होते. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना या निरूपणांची ओळख आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

सिंहनंदनाचा सामना सरफोजींच्याच काळाशी जोडला जातो. बोब्बिलीचे गायक केशवय्या दरबारादरबारांत जाऊन तेथील विद्वानांना आव्हान देत आणि विजयचिन्हे जमा करीत फिरत असत. ‘भूलोक चापचुट्टी’, म्हणजे पृथ्वी चटईसारखी गुंडाळणारा, अशी त्यांची बिरुदावली होती. ते तंजावूरला आले तेव्हा दरबारी गायकांना धास्ती वाटली आणि त्यांनी श्यामा शास्त्री यांना गळ घातली. शास्त्री (१७६२ ते १८२७) हे त्यागराज व मुत्तुस्वामी दीक्षित यांच्यासह कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक. परंतु ते दरबारी नोकर नव्हते. कांचीहून स्थलांतरित झालेल्या बंगारू कामाक्षी देवीचे ते पुजारी होते आणि तालाच्या अवघड रचनांसाठी त्यांची ख्याती होती. आव्हान स्वीकारण्यापूर्वी त्यांनी देवीपुढे चिंतामणी रागातील ‘देवी ब्रोव समयमिदे’ ही रचना गायिली, अशी आख्यायिका आहे.

सामन्यात केशवय्यांनी सिंहनंदन तालात पल्लवी मांडली. शास्त्रींनी ताल ओळखून तो निभावला आणि उत्तरादाखल ७९ अक्षरकालांच्या शरभनंदन तालात आपली पल्लवी गायिली. केशवय्यांना तो ताल पकडता आला नाही आणि त्यांनी हार मान्य केली. तालाच्या नावातच उत्तर होते. शरभ हा पुराणातील सिंहाला नमवणारा प्राणी. नरसिंहाचा कोप शमवण्यासाठी शिवाने तो अवतार घेतला, अशी शैवांची कथा आहे. तंजावूरपासून जवळच असलेल्या दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात शरभमूर्तीचे शिल्प आहे. सिंहाला शरभाने दिलेले हे उत्तर तेथील श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नसणार.

हा वृत्तान्त गुरुशिष्यपरंपरेने आलेला आहे आणि त्यावर भक्तीचा रंग चढलेला आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही त्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सामना गोड गळ्यावर किंवा भावावर ठरला नाही. तो अशा गोष्टीवर ठरला, की जिची शहानिशा दरबारातील कोणताही जाणकार हाताने ताल धरून स्वतः करू शकत होता. राजाश्रयाच्या जगात, जेथे निकाल राजाच्या मर्जीवर जाण्याची भीती नेहमीच असे, तेथे हरलेल्याला स्वतःची हार दिसणे ही मोठी सोय होती.

फिगर स्केटिंगने आकृती सोडल्यानंतर नेमकी हीच सोय गमावली. १९९० नंतर निकाल पूर्णपणे सादरीकरणावर आणि पंचांच्या सहा गुणांपैकी दिलेल्या आकड्यांवर आला. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकारात पंचांवर दबाव आणल्याचा आरोप झाला आणि अखेरीस रशियन जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्याची नामुष्की ओढवली. त्यानंतर २००४ मध्ये जुनी पद्धत रद्द झाली. आता प्रत्येक उडी व गिरकीला ठरावीक मूळ गुण असतात, तिच्या दर्जानुसार उणे ५ ते अधिक ५ या श्रेणीत गुणांची वजाबाकी किंवा बेरीज होते आणि उडीतील फेरा अपुरा राहिला काय, हे ध्वनिचित्रफीत पुन्हा पाहून तपासले जाते. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगकौशल्य यांचे गुण वेगळे. म्हणजे रेषा तपासण्याचे काम दुसऱ्या दाराने परत आले. फक्त ते बर्फावरून हवेत गेले. त्याचा परिणाम उड्यांच्या चढाओढीत दिसतो. अमेरिकेच्या इलिया मालिनिनने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पर्धेत प्रथमच साडेचार फेऱ्यांची ‘क्वाड अ‍ॅक्सेल’ उडी यशस्वी केली.

या घडामोडीत भारताचा सहभाग अल्प आहे. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या बंदिस्त रिंक येथे मोजक्याच असल्याने भारतासाठी खेळणारे खेळाडू बहुधा परदेशात तयार होतात. तमिळ कुटुंबात अमेरिकेत जन्मलेल्या तारा प्रसाद हिने २०१९ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले, राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि २०२५ च्या हार्बिन हिवाळी आशियाई स्पर्धेत महिलांमध्ये आठवे स्थान पटकावले.

बाद झालेली आकृती पूर्णपणे नाहीशी मात्र झाली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे केवळ आकृतींची स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू झाली. रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून तेथे बर्फाखालचा थर काळा ठेवतात. खेळाडू आकृती काढून निघून गेल्यावरच पंच येतात. रेषा कोणाची आहे हे त्यांना ठाऊक नसते.

सिंहनंदन तालही असाच मोजक्या हातांत टिकून आहे. तंजावूरजवळच्या वैयचेरीचे महा वैद्यनाथ अय्यर (१८४४ ते १८९३) यांनी या तालात बांधलेला कानडा रागातील ‘गौरी नायक’ हा तिल्लाना आजही शिकवला जातो. याच अय्यरांकडे तंजावूरच्या राजघराण्याचे जावई सखाराम साहेब यांच्या पुढाकाराने, लावणी वेंकटराव यांनी बहात्तर मेळकर्ता रागांवर रचलेले मराठी काव्य स्वरबद्ध करण्याचे काम आले होते. त्यानंतर त्यांनी त्याच धर्तीवर संस्कृतात रचलेली मेळरागमालिका मैफलींत गायिली जाते. तिला वाट दाखवणारी मराठी लावणी मात्र क्वचितच ऐकू येते.