रुमालाखालचा भाव

आजच्या तरुण वाचकांना कदाचित खरं वाटणार नाही, पण आपल्याकडे कित्येक बाजारांत मालाचा भाव तोंडाने बोलला जात नसे. आडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात हातात घेत, त्यावर रुमाल नाहीतर उपरण्याचं टोक टाकत, आणि आत बोटं दाबून भाव ठरवत. याला हत्ता पद्धत म्हणत. किती बोटं धरली यावर आकडा. तो एककातला, दहातला की शंभरातला, हे त्या दोघांना आधीच ठाऊक असे. एका खरेदीदाराने काय देऊ केलं ते दुसऱ्याला कळत नसे. आणि ज्याचा माल, त्या शेतकऱ्याला तर काहीच कळत नसे.

साठच्या सुमाराला वडिलांबरोबर मी एकदा भुईमुगाच्या शेंगा घेऊन बाजाराला गेलो होतो. आमच्याच पोत्यांजवळ उभं राहून दोघांचा रुमालाखालचा खेळ चालला होता. मी विचारलं, "अप्पा, काय ठरलं?" ते म्हणाले, "पट्टी हातात आली की कळंल." पट्टी आली. भावाच्या खाली आडत, हमाली, तोलाई, कडता आणि धर्मादाय अशा वजाबाकीच्या पाच ओळी. अप्पा दुसरी शिकलेले. त्यांनी शेवटचा आकडा तेवढा वाचला आणि पट्टी घडी करून टोपीत ठेवली.

पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा कळलं, की ही व्यवस्था मोडण्याचे प्रयत्न अप्पांच्या जन्माच्या आधीपासून चालू होते. वऱ्हाडातल्या कारंजा इथे १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या आदेशाने कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. त्यापाठोपाठ १८९७ साली वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा आला. ऐकायला छान वाटतं. पण ही सुधारणा कुणासाठी होती? मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस रास्त दरात हवा होता, ही तिच्यामागची मोठी निकड होती. म्हणजे बाजाराची पहिली नवी मांडणी झाली ती घेणाऱ्याच्या सोयीने. विकणाऱ्याला त्यातून काही मिळालं असेल तर ते ओघाने.

विकणाऱ्याचा विचार कायद्यात ठळकपणे यायला १९२७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी मुंबई प्रांताने कापूस बाजारांचा कायदा केला. १९२८ साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेती आयोगाचा अहवाल आला आणि त्याने नियंत्रित बाजारांची शिफारस सर्व देशासाठी केली. मग १९३९ चा मुंबईचा शेतमाल बाजार कायदा, आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा कायदा, ज्याखाली आपल्या आजच्या बाजार समित्या चालतात. रुमाल जाऊन उघड लिलाव आला, तो या लांबच्या रस्त्याने.

मापांचंही तसंच. मण म्हणजे किती, हे गावोगाव वेगळं असे. पायली, शेर, खंडी यांचा हिशेब ज्याच्या बाजूचा, त्याचा फायदा. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर किलो आणि क्विंटल टप्प्याटप्प्याने आले. तेव्हा म्हातारी माणसं कुरकुरली. आमची आजी तर शेवटपर्यंत शेरातच बोलली. पण बाजारात पहिल्यांदाच अनोळखी माणसाला ताळा करता येईल असं माप आलं.

हे सगळं आज आठवायचं कारण माझा एक जुना विद्यार्थी. तो संगणकातला. धान्य आणि डाळींचा घाऊक व्यापार ज्यावर चालतो असं एक संकेतस्थळ नव्याने मांडण्याचं काम त्याच्याकडे आलं आहे. एका बाजूला आडते आणि शेतकऱ्यांच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला डाळमिलवाले आणि घाऊक व्यापारी. मराठी शब्द विचारायला तो आला होता. 'मोडल प्राइस'ला काय म्हणू? मी म्हटलं, बाजारभावाच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. तो सर्वसाधारण दर. पण त्याला सरासरी समजू नकोस. गणितात ज्याला बहुलक म्हणतात तो हा, ज्या भावाने सर्वांत जास्त माल गेला तो भाव. हा फरक एका ओळीत तिथेच लिही.

मग त्याने पडदा दाखवला. मोठ्या अक्षरात दर. वजाबाक्या मात्र दुसऱ्याच पानावर. म्हणाला, "सर, पडदा स्वच्छ दिसावा म्हणून. आणि पैसे खरेदीदार देतो, तोच आमचा ग्राहक."

मी त्याला मँचेस्टरची गोष्ट सांगितली.

त्याला म्हटलं, नुसतं यंत्र आणून भागत नाही. सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम सुरू केलं, आठ राज्यांतल्या २१ बाजारांपासून. मे २०२० पर्यंत हजार बाजार जोडले गेले. कल्पना उत्तम आहे. फाटकावर नोंद, मालाची तपासणी, संगणकावर बोली, वजन, पैसे थेट बँकेत. पण अभ्यासकांची एक तक्रार वारंवार आली, की अनेक ठिकाणी लिलाव जुन्याच पद्धतीने होतो आणि आकडे मागाहून संगणकात भरले जातात. का? लांबच्या खरेदीदाराला तपासणीच्या कागदावर भरवसा नसतो. त्याला माल मुठीत घेऊन बघायचा असतो. शेतकऱ्याला उचल आडत्याकडून मिळालेली असते, त्याला सोडून कसं जाणार? ही नाती पडद्यावर दिसत नाहीत, पण व्यवहार त्यांच्यावरच चालतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच होतं. दराच्या शेजारी, त्याच पानावर, हातात येणारी रक्कम दाखव. कुठली कपात कुणाच्या नावाने, ते साध्या मराठीत लिही. आणि पान तयार झालं की ते व्यापाऱ्याच्या आधी दुसरी शिकलेल्या माणसाला वाचायला दे.

तो वाद घालत होता, घालू दे. नोकरी त्याची आहे, वरिष्ठही त्याचेच. पण वही काढून त्याने काहीतरी लिहून घेतलं.

मंडळी, तंत्र बदललं की जुनी लपवाछपवी आपोआप जाते असं आपण धरून चालतो. इतिहास तसं सांगत नाही. रुमाल कापडाचाच असायला हवा असं नाही. जो भाव ठरतो तो ज्याचा माल त्याला त्याच वेळी कळतो का, एवढा एकच प्रश्न दरवेळी विचारावा लागतो. कारंजाला तो लागू होता, क्विंटलच्या काट्याला लागू होता, आणि काचेच्या पडद्यालाही लागू आहे.