काळ्या पाण्यामागे राहिलेली

आमच्या खानदानातला एकजण काळ्या पाण्यावर गेला, एवढंच जुन्या नाशकातल्या घरात बोललं जायचं. माग काढायचा तर आधी साल हवं. मुंबई इलाख्यातले कैदी १८३७पर्यंत मॉरिशसला जात, रस्ते बांधायला. सिंगापूर, पिनांग, मलाक्कालाही जात. मार्च १८५८मध्ये पोर्ट ब्लेअरची वसाहत सुरू झाली आणि पुढे काळं पाणी म्हणजे अंदमानच.

भगूरच्या बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप झाली; त्यांचा सगळा प्रवास कागदावर आहे. साध्या कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर आणि शिक्षेची तारीख. वर्तणूक चांगली असली तर काही वर्षांनी त्याला तिथेच शेती मिळे, कैदी बाईशी निकाहही लावता येई. म्हणजे माझे चुलतभाऊ तिकडेही असतील!

पण इकडे राहिलेल्या बायकोचं काय? बाबाराव सुटण्याआधीच येसूवहिनी वारल्या. आमच्या घरातली ती बाई तर ना सुहागन, ना बेवा. तिने बांगड्या फोडल्या नाहीत, इद्दत पाळली नाही. हनफी फिकहप्रमाणे बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत थांबायचं. मालिकी मत चार वर्षांचं होतं, पण ते तिला सांगणार कोण? १९३९च्या कायद्याने चार वर्षं बेपत्ता किंवा सात वर्षं कैद झालेल्या नवऱ्यापासून फारकत मागता येऊ लागली. तोवर तिची कबरही खचली होती.