कमान बुटात घडत नाही

लहान मुलाचा तळवा सपाट दिसला की तो दोष मानायचा. हाडं कोवळी आहेत तोवरच आतून उंचवटा असलेले खास बूट घालून पाय वळणावर आणायचा. हयगय केली तर पुढे गुडघे आणि कंबर कुरकुरणार आणि फौजेच्या भरतीत मूल बाद ठरणार. हा पूर्वपक्ष आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो, आणि तो मांडणारे सगळे अजाण असतात असं मुळीच नाही. अस्थिरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर 'सी-ई हील' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे टाच आतल्या बाजूने उचललेली आणि पुढे वाढवलेली, शिवाय आत कमानीला आधार. अशा चिठ्ठ्या अजूनही लिहिल्या जातात. म्हणून या मताचं खंडन करायचं तर पुराव्यानिशीच करायला हवं.

तान्ह्या बाळाच्या तळव्यात मधोमध चरबीची गादी असते आणि सांधे धरून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात. बाळ उभं राहिलं की वजनाने तळवा पसरतो, टाच किंचित बाहेर कलते, फरशीवर ओलं पाऊल उमटलं तर मधली खाच दिसत नाही. पुढे चरबी ओसरते, बंध घट्ट होतात आणि कमान दिसू लागते. अमेरिकेत लिन स्टाहेली आणि सहकाऱ्यांनी 1987 साली 882 निरोगी पावलांची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांचा निष्कर्ष असा की सपाट तळवे तान्ह्या मुलांत नेहमीचेच असतात, मोठ्या मुलांत पुष्कळ आढळतात आणि काही प्रौढांत असले तरी तेही निरोगीपणाच्या मर्यादेतच बसतात. ऑस्ट्रियातली 835 मुलांची पाहणी 2006 साली आली. तीन वर्षांच्या मुलांत लवचिक सपाट पाय 54 टक्के, सहा वर्षांच्या मुलांत 24 टक्के, आणि खरोखर विकार असलेले पाय 1 टक्क्याहूनही कमी. तिसऱ्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलांत दिसणारी आणि वयाबरोबर आपसूक मागे पडणारी गोष्ट हा दोष नव्हे, वाढीचा टप्पा आहे.

यावर पूर्वपक्षाचं सगळ्यात बळकट उत्तर असतं ते अनुभवाचं. 'आमच्या मुलाला तिसऱ्या वर्षी बूट घातले, सहाव्या वर्षी कमान आली, डोळ्यांनी पाहिलंय.' अनुभव खरा, अनुमान चुकीचं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने मोडली असं ठरत नाही. काकतालीय न्याय सांगितला जातो तो याचसाठी. बूट घातले नसते तर काय झालं असतं, हे त्या एका मुलाच्या पायावरून कधीच कळणार नाही. ते कळायला तुलना लागते, आणि अमेरिकेत वेंगर आणि सहकाऱ्यांनी ती केली. 1 ते 6 वर्षांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले. एकाला खास बूट, दुसऱ्याला टाचेखाली वाटीसारखा आधार, तिसऱ्याला पायाच्या मापाने ओतलेला प्लॅस्टिकचा इनसोल, आणि चौथ्याला काहीच नाही. 98 मुलांनी तीन वर्षं पुरी केली. 1989 साली एक्स-रे मोजून निकाल प्रसिद्ध झाला: चारही गटांत पाय सुधारले, आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं ती मुलं कुठेही मागे नव्हती.

मग फौजेचं काय? ही भीती मला सगळ्यात कळते, कारण महाराष्ट्रात भरतीची तयारी करणारी मुलं गावोगाव आहेत. पण आपल्या सैन्यदलांचे वैद्यकीय निकषच वाचावेत. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट धावू आणि उड्या मारू शकत असेल, पाय लवचिक आणि वेदनारहित असतील, तर तो पात्र धरला जातो. बाद होतो तो ताठर पाय. अमेरिकी पायदळाच्या प्रशिक्षणार्थींवरचा 1993 चा अभ्यास तर सांगतो की उंच कमानीच्या जवानांपेक्षा सपाट तळव्यांच्या जवानांना दुखापती कमी झाल्या.

'असू दे, बूट घातल्याने बिघडतंय काय?' हा शेवटचा बचाव, आणि मला सर्वाधिक खटकतो तो हाच. लहानपणी असे बूट वापरलेल्या प्रौढांना 1998 च्या एका पाहणीत विचारलं, तेव्हा त्यांच्या मनात स्वतःविषयीची कमीपणाची भावना अधिक आढळली. मूल धावायला निघतं आणि त्याला सांगितलं जातं की तुझ्या पायात खोट आहे. ते मूल हे विसरत नाही.

शिवाय बूट निरुपद्रवी असतीलच असं नाही. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातून उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी 1992 साली 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के. त्यातही पुढून बंद बुटांत प्रमाण अधिक, चपला-सँडलमध्ये कमी. एका वेळी घेतलेल्या ठशांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि बूट घालणाऱ्या मुलांचं राहणीमान वेगळं असू शकतं, हे मान्यच. पण तिथल्याच पुढच्या अभ्यासात, 1995 साली, वाढ पूर्ण झालेल्या 1846 जणांत तोच कल दिसला: सोळाव्या वर्षापर्यंत पायात काही न घातलेल्यांत सपाट पाय सर्वांत कमी. इतका पुरावा आपल्याच देशात असताना आपण बालवाडीतल्या पोरांना दिवसभर काळ्या बुटांत कोंडतो. काच, काटे आणि तापलेली सडक यांसाठी पायात काहीतरी हवंच. ते पातळ तळाचं, वाकणारं, बोटांना मोकळं ठेवणारं असावं. वर्गात आणि घरात मात्र पाय उघडे राहू द्यावेत, आणि माती-वाळूत खेळताना चपलेचा आग्रह धरू नये. शाळांनी गणवेशाच्या नियमात एवढी सवलत द्यायला काय हरकत आहे?

मात्र 'सगळंच आपोआप बरं होतं' असं माझं म्हणणं नाही. मुलाला चवड्यांवर उभं करून मागून टाचांकडे पाहावं. कमान उचलली जाते का, टाच आत वळते का? उभ्या मुलाचा अंगठा हलकेच वर उचलला तर तळव्याखालचा पट्टा ताणला जाऊन कमान वर येते का? येत असेल तर पाय लवचिक आहे. येत नसेल, एकच पाय सपाट असेल, दुखत असेल, पोटरी इतकी आखडलेली असेल की गुडघा सरळ ठेवून पाऊल वर वळत नाही, किंवा मूल चालायलाच फार उशिरा लागलं असेल, तर बालअस्थिरोगतज्ज्ञाकडे जायलाच हवं. दुखणाऱ्या पायाला इनसोलने आराम पडू शकतो, आणि तिथे तो जरूर द्यावा. जन्मतःच तळवा खालच्या बाजूला फुगीर आणि ताठर असेल तर ते उभ्या घोटा-हाडाचं व्यंग असू शकतं. त्यावर पहिल्या काही महिन्यांतच प्लास्टरचे उपचार सुरू व्हावे लागतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा घोटा वारंवार मुरगळत असेल आणि पाऊल आत-बाहेर वळत नसेल, तर पावलातली दोन हाडं एकमेकांना जोडलेली असण्याची शक्यता असते. हा जोड लहानपणी कूर्चेचा असतो, पुढे त्याचं हाड होऊ लागतं, आणि म्हणून त्रास या वयात सुरू होतो. अशा मुलाला 'वाढीचं दुखणं आहे' म्हणून परत पाठवू नये. एक्स-रे काढावा, त्यात उलगडा झाला नाही तर सीटी स्कॅनही करावा.