जोर दुसऱ्याचा, इशारा आपला

४००० मालिकेतली सीमॉस चिप पाच व्होल्टवर जेमतेम एक मिलिअँपिअर प्रवाह देते. कारखान्यातल्या कंट्रोलरच्या इनपुटला, म्हणजे आतल्या ऑप्टोकप्लरमधल्या एलईडीला, त्याच्या कितीतरी पट लागतो. थेट तार जोडून भागत नाही. अशा वेळी मला जोसेफ हेन्री आठवतो.

१८३५ च्या सुमारास प्रिन्स्टनला शिकवताना त्याने लांब तारेतून आलेल्या क्षीण प्रवाहाकडून मोठं काम करून घेण्याचा नादच सोडला. त्या प्रवाहाने फक्त एक छोटा विद्युतचुंबक चालवायचा, आणि त्याने शेजारच्या सर्किटची जोडणी तोडायची. तिथल्या मोठ्या चुंबकाने उचलून धरलेलं वजन धाडकन खाली! जोर शेजारच्या बॅटरीचा, इशारा तेवढा दुरून आलेला. हाच रिले. दोन्ही सर्किटं एकमेकांपासून अलग राहिली, हा लाभ वरचा. हेन्रीने पेटंट घेतलं नाही; १८४४ साली वॉशिंग्टन-बाल्टिमोर तारेमुळे नाव गाजलं ते मोर्सचं.

आज जोडणीचं काम ट्रान्झिस्टर करतो. चिप त्याच्या बेसला किंचित प्रवाह पुरवते, एलईडीचा प्रवाह मात्र वेगळ्या चोवीस व्होल्टच्या पुरवठ्यातून येतो. अलगपणा ऑप्टोकप्लरमधला प्रकाश राखतो. बेसच्या वाटेवर एक रेझिस्टर तेवढा विसरू नये.